दुपारची फेरी

आमच्या शहराच्या जुन्या विमानतळाचं उद्यान आणि संग्रहालय होणार अशी बातमी पेपरात आली, तेव्हा आमच्या घरात सगळ्यात जास्त आनंद माझ्या सासूबाईंना झाला. वय वर्षं अठ्ठ्याऐंशी. गुडघे गेलेले, डाव्या कानानं कमी ऐकू येतं, पण जीभ अजून कोरी करकरीत. त्यांनी मला ती बातमी दोनदा वाचायला लावली आणि विचारलं, "म्हणजे आता आत जायला पास लागणार नाही?"

"नाही. कुणीही जायचं."

"मीसुद्धा?"

"तुम्हीसुद्धा."

"मग मला पहिल्या दिवशी न्यायचं," त्या म्हणाल्या. "बघू कोण अडवतं ते."

एक्केचाळीस वर्षांपूर्वी त्यांचा पास काढून घेतला होता. तेव्हापासून त्या कुंपणाच्या आत त्यांनी पाऊल टाकलेलं नव्हतं. मी मात्र त्यानंतरही रोज आत जात होते, त्याच धावपट्टीवर, सफाईच्या त्याच टोळीत. हे सांगायला मला लाज वाटते, पण सांगते.

हा विमानतळ बांधला तेव्हा शहर त्याच्यापासून लांब होतं, मधे नुसतं माळरान. मग शहर वाढत वाढत कुंपणाला येऊन टेकलं. इमारती इतक्या उंच झाल्या की उतरताना लोकांच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे मोजता येतात, असं वैमानिक सांगायचे. शेवटी तीस किलोमीटरवर नवा विमानतळ झाला आणि जुन्याला कुलूप लागलं. एकोणीस वर्षं तो तसाच पडून होता. भेगांतून गवत आलं. गाडी शिकवणारे शिकाऊ लोकांना घेऊन पट्टीवर यायचे, पोलीस जप्त केलेल्या मोटारी आणून उभ्या करायचे. तेव्हा कुणाला त्याचा इतिहास आठवत नव्हता. मग कुणीतरी ठरवलं की हा शहराचा ठेवा आहे, आणि एका रात्रीत सगळ्यांना त्याच्या प्रेमाचं भरतं आलं.

त्या ठेव्यावर मी तेवीस वर्षं वाकून चालले आहे. लोकांना वाटतं विमानतळ म्हणजे वैमानिक, टॉवर आणि टोप्या घातलेले साहेब. पण विमानाच्या चाकाखाली बोटाच्या पेराएवढा बोल्ट आला तरी टायर फुटतो, आणि इंजिनानं आत ओढला तर आतली पाती जातात. म्हणून रोज सकाळी पहिल्या विमानाच्या आधी सगळी पट्टी पायी चालून वेचायला लागायची. अडीच किलोमीटर लांब, पंचेचाळीस मीटर रुंद. आम्ही अकरा जणी. एकीच्या वाट्याला चार मीटर, हातात पत्र्याचा डबा, डोक्याला रुमाल. सासूबाई मुकादम होत्या. त्या मधोमध चालायच्या, आणि कुणाची मान जरा वर झाली की नुसतं खाकरायच्या.

आता एक गोष्ट नीट समजावून सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. खडा दिसत नाही. काळ्या डांबरावरचा काळा खडा कुणाच्या बापाला दिसत नाही. दिसते ती त्याची सावली. ऊन तिरकं असलं की मुगाएवढ्या खड्याची सावली बोटभर लांब पडते. पण ऊन पाठीवर पाहिजे. तोंडावर घेतलं तर डांबर असं चमकतं की डोळ्यांतून पाणी गळायला लागतं. म्हणून सकाळी आम्ही पूर्वेच्या टोकाला जाऊन पश्चिमेकडे चालायचो. दुपारची फेरी असली तर बरोबर उलट, पश्चिमेकडून पूर्वेकडे. आणि आपल्याच सावलीखाली खडा दडू नये म्हणून दर दहा पावलांनी अर्धं पाऊल बाजूला सरकायचं, मग परत जागेवर. लांबून बघणाऱ्याला वाटायचं बायका नाचतायत. भर दुपारी बाराला फेरी करायचीच नाही, कारण तेव्हा सावली नसते. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. सासूबाईंनी शोधून काढलं आणि आम्हाला शिकवलं.

ज्या दिवसानं सगळं बिघडवलं, त्या दिवशी बाराच्या सुमाराला दुरुस्तीची माणसं पट्टीवरची एक भेग भरून गेली. हातगाडी, पत्रे, नट-बोल्ट, सगळा पसारा. दुरुस्ती झाली की फेरी करायची हा नियमच होता. सासूबाई शिफ्टच्या साहेबांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "साडेतीनला सुरू करते, त्याआधी सावली पुरत नाही. साडेचारपर्यंत पट्टी द्या." दुरुस्तीनंतरचं पहिलंच विमान चार वीसला उतरायचं होतं, कुणा बड्या माणसाचं. म्हणजे प्रश्न दहा मिनिटांचा होता. ते विमान दहा मिनिटं वर घिरट्या घालत राहिलं असतं तर काही आकाश कोसळलं नसतं. साहेब म्हणाले, थांबवता येणार नाही. स्वतः जीपमध्ये बसले, पट्टीवरून एक चक्कर मारली आणि 'साफ आहे' असं कळवून मोकळे झाले. जीपमधून बोल्ट दिसतो म्हणे!

चार एकवीसला टायर फुटला. विमान पट्टी सोडून गवतात घुसलं. नशीब म्हणायचं, मेलं कुणी नाही. एका बाईचा हात मोडला, आणि बड्या माणसाची सभा हुकली.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंना जबाब द्यायला साहेबांच्या खोलीत बोलावलं. मी तेव्हा बावीस वर्षांची, लग्नाला वर्ष झालेलं. सातवीपर्यंत शिकलेली. अख्ख्या टोळीत वाचता येणारी मी एकटी. दारात सासूबाई म्हणाल्या, "हिला आत घ्या. ही मला वाचून दाखवेल." साहेब आतून म्हणाले, "मी आहे ना वाचायला." शिपायानं मला बाहेरच्या बाकाकडे बोट दाखवलं, आणि मी बसले. आजपर्यंत किती वेळा स्वतःला विचारलंय, का बसलीस? उत्तर एकच आहे, घाबरले म्हणून.

सासूबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा अंगठा निळा होता आणि चेहरा खुलला होता. "खरं ते लिहून दिलं," त्या म्हणाल्या. "फेरी मागितली, दिली नाही. साहेबानं स्वतःच्या हातानं लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. माणूस वाईट नाही." दुसऱ्या दिवशी गेटवर त्यांचा पास काढून घेतला. त्यांना वाटलं, खरं बोलले म्हणून घालवलं. आम्हालाही तसंच वाटलं. उरलेल्या दहा जणींनी मूग गिळले आणि कामावर गेलो.

सासूबाईंनी मग दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक केला, शिवणकाम केलं, पण मान खाली घातली नाही. कुणी खवचटपणे म्हणालं, "तुमच्यामुळेच ना ते विमान घसरलं?" की त्या म्हणायच्या, "कागद बघून या. माझा अंगठा आहे त्याच्यावर." त्या एका कागदाच्या जोरावर माझी सासू एक्केचाळीस वर्षं ताठ उभी होती.

उद्घाटनाच्या आठ दिवस आधी संग्रहालयवाल्यांनी जुन्या कामगारांना बघायला बोलावलं. सासूबाईंना पहिल्याच दिवशी जायचं होतं, वाजत गाजत, म्हणून मी एकटी पुढे गेले.

जिथे सामानाचा पट्टा फिरायचा तिथे आता पुस्तकं मांडली होती. तिकिटं तपासायच्या टेबलांवर कॉफीची यंत्रं. टॉवरवर हॉटेल होणार होतं. पट्टी धुऊन काढली होती, तिच्यावर सायकलींसाठी रंगीत रेघा मारल्या होत्या, टोकांचे मोठे पांढरे आकडे नव्यानं रंगवले होते. खरं सांगायचं तर छान केलं होतं. मला राग यायला काही कारण नव्हतं, आणि तेच मला जड जात होतं. मग एका जाड भिंगांचा चष्मा लावलेला तरुण लगबगीनं पुढे आला. संग्रहालयातल्या सगळ्या पाट्या त्यानंच लिहिल्या होत्या.

"या मावशी! तुमच्या टोळीचा उल्लेखसुद्धा घेतलाय आम्ही," तो म्हणाला.

मला त्या 'सुद्धा'चा राग आला, पण गिळला. त्यानं मला एका काचेच्या पेटीपाशी नेलं. आत पिवळा पडलेला कागद. सर्वांत खाली निळा अंगठा. मला भरून आलं. म्हटलं, शेवटी आला कागद उजेडात. आणि मी वाचायला लागले.

'दुपारी साडेतीन ते सव्वाचार या वेळेत सफाई टोळीने धावपट्टीची पूर्वेकडून पश्चिमेकडे फेरी केली. सदर बोल्ट टोळीच्या निदर्शनास आला नाही. मुकादम आपली चूक मान्य करीत आहे.'

भिंतीवर त्या तरुणाच्याच ठळक अक्षरांतली पाटी होती: 'टोळीच्या निष्काळजीपणामुळे घडलेला अपघात'.

मी तीनदा वाचलं. दर वेळी तेच.

"हे खोटं आहे," मी म्हणाले.

"मावशी, मूळ कागद आहे. चौकशीचा."

"कागद मूळ असेल. खोटा आहे."

तो बिचारा सभ्य होता. पाण्याचा ग्लास आणायला निघाला. मी म्हटलं, "पाणी नको, कान दे. दुपारी साडेतीनला ऊन कुठे असतं?"

"पश्चिमेकडे."

"आणि यात आम्ही कुठे तोंड करून चाललोय?"

"पश्चिमेकडे. मग?"

मग काय! साहेबानं आयुष्यभर खिडकीतून आमची सकाळची फेरी बघितली होती. खोटी दुपारची फेरी लिहायला बसला, तेव्हा सकाळचीच दिशा लिहून टाकली. एकदा तरी वाकला असता तर ही चूक झाली नसती. मी त्या मुलाला सावलीचं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, वहीत टिपलंसुद्धा, आणि मग म्हणाला, "तुमच्या भावना समजतात मला. पण तुमच्याकडे काही पुरावा आहे का?"

भावना म्हणे! माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की विचारू नका.

"आहे," मी म्हणाले. "परवा दुपारी साडेतीनला पट्टीवर ये. येताना तीस नट-बोल्ट घेऊन ये."

टोळीतल्या आता माझ्यासकट चौघी फिरत्या-चालत्या उरल्या होत्या. लांबी, घारी, आणि एक जिला आम्ही पाळणाघर म्हणायचो, कारण सगळ्यांची पोरं तिच्या आईकडे असायची. मी तिघींना कागदात काय आहे ते सांगितलं. लांबी म्हणाली, "दुपारी पूर्वेकडून? आपण काय आंधळ्या होतो?" घारीचा मोतीबिंदू नुकताच काढला होता, तरी ती म्हणाली, "येते. नवीन डोळा बघू चालतो का."  पाळणाघरनं फोनवरच रडायला सुरुवात केली आणि रडत रडत विचारलं, रुमाल बांधायचा का.

बांधला. चौघींनीही. चष्मेवाला पिशवी घेऊन आला होता.

"तूच टाक आणि तूच मोज," मी म्हणाले. "इकडे दोनशे मीटरमध्ये पंधरा, आणि पलीकडच्या दोनशेमध्ये पंधरा. आम्ही पाठ करून उभ्या राहतो."

त्यानं टाकले, नकाशावर खुणा केल्या. पहिल्या तुकड्यात आम्ही कागदात लिहिलं होतं तशा चाललो, ऊन तोंडावर घेऊन. पन्नास पावलांत माझ्या डोळ्यांना धार लागली. लांबी शिव्या घालत होती, कुणाला ते विचारू नका. पंधरातले चार सापडले.

"वयोमानानं..." चष्मेवाला बोलायला गेला.

"थांब," घारी म्हणाली. "वयाचं शेवटी सांग."

दुसऱ्या तुकड्यात पश्चिमेचं टोक धरलं आणि ऊन पाठीवर घेतलं. पहिलं पाऊल टाकलं आणि चौघींचे पाय आपोआप एका चालीत पडले. दहा पावलं, अर्धं पाऊल बाजूला, परत जागेवर. कुंपणाबाहेर सायकलवाली पोरं थांबून बघायला लागली. डब्यात टण टण वाजायला लागलं. पंधरातले चौदा सापडले. शिवाय त्यानं न टाकलेलं एक बटण आणि कुणाच्या तरी घड्याळाचा काटा. पंधरावा बोल्ट सापडेना म्हणून चष्मेवाला नकाशा घेऊन धावाधाव करत होता. तो घारीच्या बुटाच्या तळव्यात रुतलेला निघाला.

"आता तू चाल," मी म्हणाले. "कागदातल्यासारखा."

तो चालला. शंभरेक पावलं गेला असेल. परत आला तेव्हा चष्मा काढून डोळे पुसत होता.

"म्हणजे ही फेरी झालीच नव्हती," तो म्हणाला.

"बघ, आलं की नाही लक्षात!"

त्या दिवशी मी जिंकले असं मला वाटलं. संध्याकाळी त्याचा फोन आला. त्यानं समितीतल्या एकदोघांशी बोलून घेतलं होतं. जुनं वादाचं प्रकरण उद्घाटनाच्या तोंडावर नको, असं त्यांचं म्हणणं पडलं. कागद काढून टाकणार, पाटीही काढणार. "तुमच्या सासूबाईंना यातलं काही कळायचीसुद्धा गरज नाही," तो म्हणाला. "त्यांना त्यांच्या समजुतीत सुखानं राहू द्या."

आमचे हेही तेच म्हणाले. "आईचं वय काय, आपण बोलतोय काय. कशाला उकरून काढतेस? येऊ दे तिला, फिरू दे, आनंदात परत येऊ दे."

खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं. चांगला अर्धा दिवस पटलं. सासूबाई कपाट उघडून पहिल्या दिवशी काय घालायचं ते ठरवत होत्या. कागदावरची धूळ झटकली असेल ना, म्हणून विचारत होत्या. मी हो म्हणत होते. मग स्वयंपाकघरात भाजी चिरताना माझा हात थांबला. त्यांच्या अंगठ्याचं काय करायचं ते पुन्हा एकदा त्यांना न विचारता ठरत होतं. गेल्या वेळी मी दाराबाहेर होते. या वेळी मी आत बसून माना डोलावत होते. मला माझीच किळस आली.

मी बाहेर गेले, त्यांच्या उजव्या कानाशी बसले आणि म्हटलं, "आई, त्या कागदात तुम्ही सांगितलेलं नाहीये. साहेबानं तुम्हाला वाचून दाखवलं एक, आणि लिहिलं दुसरंच."

त्यांनी उजवा कान माझ्याकडे आणखी वळवला. मग म्हणाल्या, "वाच."

मी फोनमध्ये फोटो काढून आणला होता. वाचला. पहिल्या वाक्यालाच त्यांनी मला हात करून थांबवलं.

"काय म्हणालीस? पूर्वेकडून?"

"हो."

"दुपारी?"

"हो."

आणि त्या हसल्या. अहो, खरंच हसल्या. "मी? ऊन डोळ्यांवर घेऊन? एवढी ढ मुकादम?" हसता हसता त्यांना ठसका लागला, मी पाठ चोळली, आणि मग माझ्या हाताला कळलं की त्या हसत नव्हत्या. नवरा गेला तेव्हाही मी या बाईला रडताना बघितलं नव्हतं. आमचे हे दारात येऊन उभे राहिले आणि माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच त्यांच्या आईला मारलंय. मी नजर खाली केली नाही.

"एक्केचाळीस वर्षं," सासूबाई म्हणाल्या. "लोकांना सांगत फिरले, कागद बघा. एखादा खरंच बघून आला असेल तर माझ्या पाठीमागे काय म्हणाला असेल?"

"मी त्या दिवशी आत यायला हवं होतं," मी म्हणाले. "मला बस म्हटलं आणि मी बसले."

"हो, बसलीस," त्या म्हणाल्या. त्यांनी मला सोडलं नाही, आणि ते बरंच झालं. मग नाक पुसून म्हणाल्या, "उद्या ने मला."

"उद्घाटन रविवारी आहे."

"उद्घाटन गेलं खड्ड्यात. उद्या."

दुसऱ्या दिवशी आमच्या यांनी चाकाची खुर्ची ढकलली, गाल फुगवून. गेटवर कुणी काही विचारलं नाही. गेट उघडंच होतं. पट्टीच्या कडेला सासूबाईंनी हात वर करून खुर्ची थांबवली, माझा दंड धरून उठल्या आणि दोन पावलं चालल्या. मग खाली बघून म्हणाल्या, "किती घाण ठेवलीये." आणि परत खुर्चीत बसल्या.

चष्मेवाला हॉलमध्ये वाटच बघत होता. कालच कळवलं होतं मी. तो पुढे होऊन वाकला. "आजी, काळजी करू नका. कागद काढलाय. पाटीही काढली. आता कुणी काही वाचणार नाही."

काचेची पेटी रिकामी होती. भिंतीवर पाटीच्या जागी चार खिळे उरले होते.

"कुणाला विचारून काढलास?" सासूबाईंनी विचारलं.

तो गडबडला. "म्हणजे... तुमचं नाव खराब होऊ नये म्हणून..."

"नाव एक्केचाळीस वर्षं खराबच आहे. तू कागद काढलास की काय उरलं? विमान घसरलं नाही, साहेब खोटं बोलला नाही, आणि मी इथे कधी नव्हतेच." त्यांचा आवाज हॉलभर घुमत होता. कॉफीच्या यंत्रापाशी दोघं जण वळून बघायला लागले. "परत लाव तो. अगदी तसाच लाव. त्याच्याशेजारी माझं लाव. लोकांना दोन्ही वाचू दे."

"पण समिती..."

सासूबाई नुसत्या खाकरल्या आणि म्हणाल्या, "वही काढ."

त्यानं काढली. काय करणार, त्यांचं ते खाकरणं त्यानंही ऐकलं होतं. त्या सांगत गेल्या आणि तो लिहीत गेला. मधेच आमचे हे पुढे झाले आणि त्यांनी आईला पाण्याची बाटली दिली. त्यांचे गाल आता फुगलेले नव्हते.

"झालं, आजी. छान झालंय," तो म्हणाला.

"छान ते मी ठरवीन. वाचून दाखव. आणि तू नाही, ही वाचेल."

मी उभी राहिले, त्याच्या हातातून वही घेतली आणि मोठ्यानं वाचलं. 'त्या दिवशी दुपारची फेरी होऊ शकली नाही...'

"थांब. मी असं सांगितलं का?"

"नाही. तुम्ही म्हणालात, करू दिली नाही."

"मग तसं लिही म्हणावं त्याला. होऊ शकली नाही म्हणजे काय, पाऊस होता?"

त्यानं खोडलं आणि लिहिलं. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. 'त्या दिवशी दुपारची फेरी करू दिली नाही. मुकादमानं साडेतीन ते साडेचार पट्टी मागितली होती. दहा मिनिटांसाठी नाही म्हणाले. दुपारी पूर्वेकडून फेरी करणारी मुकादम या तळावर कधीच नव्हती. शेजारच्या कागदावरचा अंगठा माझा आहे. त्यातलं एकही वाक्य माझं नाही.'

सासूबाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. चष्मेवाल्यानं ते चांगल्या जाड कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवलं. मग टेबलाच्या खणातून शाईचं निळं पॅड काढून त्यांच्यापुढे धरलं. मुद्दाम निळं शोधून आणलं होतं त्यानं. "इथे खाली अंगठा द्या, आजी. दोन्ही कागद शेजारी शेजारी एकसारखे दिसतील."

सासूबाईंनी मूठ मिटून मांडीवर ठेवली.

"अंगठा नाही. तू सही कर."

"मी?"

"तू ऐकलंस, तू लिहिलंस. ऊन तोंडावर घेऊन तू चालून बघितलंस. खाली तुझं नाव घाल. उद्या कुणी विचारायला आलं तर तुला विचारेल."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग आमच्या यांच्याकडे, मग समितीचं ऑफिस होतं त्या जिन्याकडे. आम्ही तिघांनीही त्याला मदत केली नाही. त्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि खरं सांगते, मला त्याची दया आली.

"आजी, माझी नोकरी जाईल यात," तो हळूच म्हणाला.

"माझी गेली होती," सासूबाई म्हणाल्या. "हुद्दाही लिही."